एका पायाचा नंदी

१

त्या दिवशी झड लागली होती. झड म्हणजे कसं, पाऊस पडून राहिला म्हणावं तर थेंब दिसत नाही, अन् थांबला म्हणावं तर दोरीवरची बंडी तीन-तीन दिवस वाळत नाही. सौंसरवर आभाळ असं टेकलं होतं की मारुतीच्या देवळाचा झेंडा धुक्यात गेलेला. माझ्या कामाच्या खोलीवरच्या पत्र्यावर पाऊस बारीक वाजत होता, कोणी सुपात तांदूळ घोळावे तसा. साल पंच्याऐंशीचं. पोळा पाच दिवसांवर आलेला.

मी सुतार. नागपंचमी झाली की दुसरं काम हातात घेत नाही, नंदी करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. लहान पोट्टे चाकावरचे लाकडी बैल सजवून ओढत आणतात. तिकडे पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार, तिथं मोठी माणसं दगड फेकतात. गलका दोन्हीकडे सारखाच.

माझी पद्धत ठरलेली. आधी सगळी अंगं तासून घ्यायची, मग सगळे पाय, मग शिंगं, अन् शेवटी जोडणी. त्यामुळे पंधरा-वीस दिवस खोलीत बिनपायांचे बैल पडलेले असतात. बघणाऱ्याला कसंतरी वाटतं. मला सवय.

श्रावणभर दुपारी देवळात पोथी लागायची. मोरेश्वर मास्तर वाचायचे अन् आमच्यासारख्यांना समजावून सांगायचे. एका दिवशी युगांचं आलं. धर्म म्हणजे एक बैल आहे म्हणाले. सत्ययुगात तो चार पायांवर उभा होता. त्रेतात तीन राहिले, द्वापारात दोन. आता कलियुग, आता एकच पाय उरला, अन् तोही थरथरतो.

"कलियुगच आहे मास्तर," माझा शेजारी गुणवंता मागून म्हणाला. "पह्यले दुधात पाणी राहे. आता पाण्यात दूध टाकून देतात."

बाया हसल्या. मी मात्र दुसऱ्याच विचारात होतो. हात वर करून विचारलं, "मास्तर, उरला तो पाय पुढचा का मागचा?"

मग तर सगळं देऊळ हसलं. मास्तरांनी चष्मा खाली ओढला. "पोथीत नाई लिहिलं जी दादाजी. तुमाले काहून पाह्यजे?"

"काई नाई. तोल कोठी पडत असन म्हून पुसलं."

मला अक्षर येत नाही. पुण्य किती, पाप किती, तेही मोजता येत नाही. पण तोल कळतो. एवढा मोठा बैल एका पायावर उभा राहतो कसा, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

२

म्हणून त्या झडीच्या दिवशी मी तो केला. सत्तरीच्या माणसाने करू नये असा पोरकटपणा. शिवणीच्या लाकडाच्या उरल्या तुकड्यातून हातभर अंग काढलं, वशिंड उंच ठेवलं, मान जराशी वळवली, अन् एकच पाय बसवला. पुढचा, उजवा. त्याच्या जागेवर. पोटाखाली मधोमध ठोकला असता तर कसाबसा उभा झाला असता, पण देवाने तसा बैल केला नाही, मग मी कशाला करू?

उभा केला, पडला. शेपटी लांबवली, पडला. शिंगं हलकी केली, तरी पडला. दहा-बारा वेळा पडला असेल, अन् दरवेळी मला जास्तच हसू येत गेलं.

कलाबाईने, माझ्या बायकोने, दारातून आवाज दिला. "अवो, चहा थंडा होऊन राहिला. त्या लंगड्याले कडेवर घेऊन येता का आता?"

मी त्याला बाभळीच्या ठोकळ्यावर आडवा टाकला अन् चुलीपाशी जाऊन चहा प्यायलो. कलाबाई समोरच बसली होती, कांदे चिरत. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर मला तिचाच संशय आला असता. चहा पिऊन परत आलो तर नंदी उभा.

ठोकळ्यावर, एका पायावर, मान वळवून उभा.

मी खुराखाली पाहिलं. खूर सुपारीएवढा, खालून गोल. सरस नाही, खिळा नाही. वारा म्हणावं तर दिव्याची वातही हलत नव्हती. खुंटीवरचा ओळंबा काढला अन् नंदीच्या अंगाच्या मध्यावरून सोडला. दोरी खुराच्या बाहेर चार बोटं पडली. म्हणजे त्याने पडायलाच पाहिजे. पन्नास वर्षांत ओळंबा माझ्याशी खोटं बोलला नाही. पुन्हा सोडला. चार बोटं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गुणवंताचा आवाज आला. त्याचा बैलांचा कोठा अन् माझी कामाची खोली, मध्ये एकच भिंत. इकडं खोकलं की तिकडं बैल कान टवकारतात.

"दादाजी! अवो दादाजी! चांद्या बसला जी!"

"बसला तं बसू दे. बैल बसत नाईत का?"

"तसा नाई हो. उभ्या उभ्या कोणं पाय काढून घेतल्यावानी बसला!"

३

चांद्या गुणवंताच्या घरचा बैल नव्हता, घरचा माणूस होता. वासरू असताना त्याची माय साप चावून मेली. गुणवंताच्या बायकोने, केसरबाईने, फडकं दुधात बुडवून त्याला चोखायला दिलं अन् वाढवलं. अजूनही तिचा पदर दिसला की तो तोंडात घ्यायचा.

तो आता बसला तो उठेचना. ढोरांचे डॉक्टर आले, पाय दाबून पाहिले, शेपटी ओढून पाहिली, सुई टोचली. ताप नाही, मार नाही, सूज नाही.

"खाते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"जावयासारखा खाते," केसरबाई म्हणाली.

"मंग उठत काहून नाई?"

"जावईच कोणता उठते?"

डॉक्टरही हसले. पण बाहेर आल्यावर गुणवंताला हळू म्हणाले, की बसलेला बैल आठ-दहा दिवसांवर जगत नाही, आतून सडतो. पोळ्यापर्यंत उठला तर उठला. गुणवंताने मान हलवली. संध्याकाळी मी गेलो तर तो चांद्याच्या शिंगांना वॉर्निश लावून राहिला होता. लाल.

"पोळ्यात तोरणाखाली उभा करायले न्यायचा आहे जी," मला म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

इकडे माझ्या खोलीत नंदी उभाच होता. मी त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं होतं अन् बाकीच्या नंद्यांचे पाय बसवत होतो. दुसऱ्या दिवशी कलाबाई खोली झाडायला आली, अन् ठोकळा पुसायचा म्हणून तिने नंदीला उचलायला हात घातला.

"अवो, हा तं हालून नाई राहिला! ठोकला का तुमी?"

मी उचलून पाहिलं. दोन्ही हातांनी पाहिलं. हातभर शिवणीचं लाकूड, पोट्टं काखेत मारून नेईल असं, अन् ते जागचं हललं नाही. बाभळीच्या ठोकळ्याला खुराखालून बारीक चीर गेली होती. दुसऱ्या सकाळी ती चीर बोटभर झाली.

मला चांद्याची वेळ आठवत होती. हा उभा झाला तेव्हाच तो बसला. मी मनाला समजावलं, म्हाताऱ्या, दोन गोष्टी एका वेळी होतातच. गाडी यायला अन् शिंक यायला एक वेळ येते, म्हणून काय गाडी शिंकेने येते? पण रात्री काही मला ते पटलं नाही.

४

पोळ्याला दोन दिवस राहिले तेव्हा मी कलाबाईला म्हटलं, "अवं, तू गुणवंताच्या कोठ्यात जाऊन चांद्यापाशी उभी राह्य. मी इकडून 'आता' म्हणतो. चांद्या काय करते ते सांगजो."

"काहून?"

"पुसू नको."

"लगन झाल्यापासून हेच आयकून राहिली मी," ती म्हणाली, पण गेली. हाताला पीठ माखलेलं होतं तशीच गेली.

मी फडकं काढलं. उचलता येत नव्हता, पण एका बोटाने लोटला तर कलला. तेल घातलेल्या दाराइतका अलगद.

"आता!"

"माय वं!" भिंतीपलीकडून कलाबाई. "गुडघे टेकले यानं! उठून राहिला!"

बोट काढलं. नंदी सरळ झाला.

"बसला."

पुन्हा लोटला. पुन्हा तिकडे गुडघे टेकल्याची धडपड, कलाबाईची आरोळी. भीती वाटत होती, पण खरं सांगतो, आनंदही होत होता. उपाय सापडला होता. तिसऱ्या वेळी मी जरा जास्त लोटला, म्हटलं होऊन जाऊ दे.

तेव्हा लक्षात आलं की पाऊस वाजत नाही.

खिडकीतून दिसत होतं, पत्र्याची धार खाली पडत होती, खालच्या डबक्यात फेस होत होता, अन् आवाज नव्हता. कुंपणावर चिमणी चोच उघडून मिटत होती. गल्लीतून कोणी सायकलवर गेलं, अंगठा घंटीवर होता. कशाचाच आवाज नाही. अन् उजेडही कसातरी झाला, म्हणजे अंधारला नाही, पण सगळं भिंतीवर काढलेल्या चित्रासारखं पातळ दिसू लागलं. वाटलं, आणखी बोटभर लोटलं तर कोणी ओल्या फडक्याने पुसून टाकेल.

मी बोट काढलं. पाऊस एकदम वाजायला लागला.

कलाबाई तणतणत आली. "काहून सोडलं? अर्धा उठला होता तो! मी इतकी ओरडून राहिली अन् तुमी..."

"तुले पावसाचा आवाज आला का? आत्ता, मधात?"

ती थांबली. पिठाचे हात पदराला पुसत बसली.

"नाई," म्हणाली. "मले वाटलं माह्ये कान बसले."

५

तिला मी सगळं सांगितलं. ओळंब्याचं, चिरेचं, पोथीचं.

"मंग पाडून टाका न त्याले," ती म्हणाली. "गुणवंताचा बैल उठन."

"अन् आवाज परत आलाच नाई तं?"

पलीकडे केसरबाई चांद्याशी बोलत होती, उठ रे माह्या राजा, उठ, तोरणाले कोण जाईन? पाडावं तर एवढं सगळं जातं, न पाडावं तर तिचा चांद्या जातो.

दुपारी मी मास्तरांच्या घरी गेलो. ते संत्र्याच्या कलमांना शेण लावत होते.

"मास्तर, त्या बैलाचा उरलेला पाय गेला तर काय होते?"

"युगच संपते मंग. प्रलय."

"अन् कोणं पाय लावून दिले तं?"

मास्तर इतके हसले की कलम हातातून पडलं. "दादाजी, आजवर पाय तुटल्याचंच वाचलं बाप्पा. लावायचं कोणाले सुचलं नाई."

मला हसू आलं नाही. पण वाटेनं चालता चालता पाऊल हलकं होत गेलं, हे खरं. साठ घरच्या खाटा मी उभ्या केल्या, पाळणे केले, मास्तरांच्या शाळेची बाकं केली. मोडलेला पाय दिसल्यावर सुताराने काय करायचं असतं?

घरी येऊन शिवणीचा सगळ्यात जुना, वाळलेला तुकडा काढला. रात्री जेवताना कलाबाई म्हणाली, "अवो, चारी पाय लावले तं कलियुग संपन ना? मंग आपण कोठी जाऊ? आपण तं कलियुगातले माणसं."

हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. घास माझ्या हातातच राहिला.

"मी युगाचं काम नाई करून राहिलो," शेवटी म्हटलं. "बैलाचं करून राहिलो."

"जेवा मंग," ती म्हणाली अन् ताटात आणखी एक भाकर टाकली.

६

पोळ्याचा आदला दिवस म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू ओढून दुखलेले बैलांचे खांदे त्या संध्याकाळी तूप-हळदीने शेकतात, पळसाच्या पानांनी चोळतात, अन् त्यांना रीतसर जेवायचं आमंत्रण देतात.

दुपारी मी खोलीचं दार लावून घेतलं. तीन पाय तयार होते. अडचण एकच, ठोकायचं नाही. हातोडीचा एक ठोका बसला अन् नंदी कलला, तर काय होईल ते मी पाहिलं होतं. म्हणजे भोक पाडायचं ते पटाशीने दाढी केल्यासारखं कोरून, अन् खुंटी बसवायची ती तळव्याने दाबून. घाई करणाऱ्याचं ते काम नव्हतं. मला कुठं जायचं होतं?

मागचा उजवा पाय आधी. खुंटी सरसात बुडवली, भोकाला टेकवली, अन् दुसरा हात आधाराला पोटाखाली घातला.

पोट गरम होतं.

मी हात काढला नाही. काढला असता तर पुन्हा घालायची हिंमत झाली नसती. हाताखाली शिवणीचे रेषे होते, मी स्वतः रंधलेले, अन् त्या रेषांखालून एक थरथर गेली, माशी बसली की बैलाची कातडी हलते तशी. खोलीत वास आला. लाकडाचा नाही, ओल्या वैरणीचा.

"हो, हो," मी म्हटलं. "हो राजा. झालं आता."

पाय बसला. पत्र्यावरचा पाऊस एकदम स्वच्छ वाजला, जसा लहानपणी वाजायचा. माझे कान दहा वर्षांपासून मंद आहेत. दुसरा पाय बसला तेव्हा जामसांवलीच्या मारुतीची घंटा ऐकू आली. जामसांवली किती दूर आहे! पण घंटा वाजली, अन् लोलक लोखंडाला लागून मागे येतो तेही ऐकू आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं अन् तोंड हसत होतं. भीती गेली नव्हती. माझ्या मानेवर कोणीतरी मोठ्या नाकाने हळूच श्वास सोडत होतं, अन् मी मागे वळून पाहत नव्हतो.

शेवटचा पाय हातात घेतला तेवढ्यात गुणवंताने हाक मारली. "दादाजी, या जी! खांदशेकणी आहे!"

गेलो. चांद्या बसलेलाच होता. त्याचा जोडीदार पाखऱ्या बाजूला उभा. केसरबाईने दोघांचेही खांदे सारखेच शेकले. मग खाली वाकून चांद्याच्या कानात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गुणवंता तोंड फिरवून वैरणीकडे पाहत उभा राहिला.

वाटीत तूप-हळद उरली होती. ती मी कशाला घेऊन आलो, कोण जाणे. दिवेलागणीला शेवटचा पाय दाबून बसवला, उरलेलं तूप त्या लाकडी खांद्याला लावलं, अन् जन्माची सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

कोणीतरी जमिनीवर पाय बदलल्यासारखं झालं. जड. मी दिवा उचलला, पाठ न फिरवता दारापर्यंत आलो अन् बाहेरून कडी लावली. लावताना फटीतून जेवढं दिसलं तेवढं दिसलं. ठोकळा दुभंगून पडलेला होता. अन् भिंतीवर जी सावली होती ती हातभर लाकडाची नव्हती. ती वर पत्र्याला लागून पुढे वळली होती.

७

रात्री मी छान झोपलो. याचंच मला नवल वाटतं.

सकाळी झड उघडली होती. किती दिवसांनी ऊन पडलं! गल्लीत पोट्टे आंब्याच्या पानांचं तोरण ओढत नेऊन राहिले होते, कोणाच्या तरी घरी पुरण शिजल्याचा वास सुटला होता. कलाबाईने डोक्यावरून न्हाऊन नवं लुगडं नेसलं होतं.

"जा, पाहून या," म्हणाली. स्वतः आली नाही.

कडी तशीच होती. आत गेलो. तान्ह्या पोळ्याचे नंदी ओळीने उभे होते, मी ठेवले तसे. ठोकळ्याचे दोन तुकडे. तो नंदी नव्हता.

जमिनीवर लाकडाचा भुसा पडलेला होता, अन् भुशात खूर उमटले होते. ठोकळ्यापाशी चार, सुपारीएवढे. मग पुढे चार, लिंबाएवढे. मग संत्र्याएवढे, अन् खोल. असे मोठे होत होत ते गुणवंताच्या भिंतीपाशी गेले होते. शेवटचे दोन तर पुरे बैलाचे. अर्धे इकडे, अर्धे भिंतीखाली. भिंतीला मात्र पोपडाही उडाला नव्हता. मी तिच्यावर हात ठेवला. माती उबदार होती, आपण गाईच्या पाठीवर ठेवतो तशी.

तेवढ्यात पलीकडून गुणवंता ओरडला. हसून राहिला होता की रडून राहिला होता, कळेना.

"दादाजी! चांद्या उठला जी! पण कलाबाईले म्हणा पोळ्या जास्तीच्या लाटा, आमच्या कमी पडतीन! कोठ्यात तीन बैल उभे आहेत!"